लष्करी ड्रोनला नुसतं टीकॅस बसवून का भागत नाही?

प्रश्न असा आलाय: प्रवासी विमानांमध्ये टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा गेली तीसेक वर्षं आहे. तीच लष्कराच्या मोठ्या ड्रोनना बसवली की ती नागरी विमानांच्या आसपास उडायला मोकळी, मग त्यांच्यासाठी वेगळी हवाई हद्द राखून ठेवायचा खटाटोप कशाला? आणि भारत अमेरिकेकडून घेतोय त्या मोठ्या एमक्यू-९बी ड्रोनमुळे यात काही फरक पडेल का?

टीकॅस ड्रोनवर बसतं, मोठ्या ड्रोनवर बसवलंही जातं. पण ती कॉकपिटमधल्या पायलटला अगदी शेवटच्या क्षणी मिळणारी मदत आहे, पायलटची जागा घेणारी वस्तू नाही. समोरच्याकडे ट्रान्सपाँडर (विचारल्यावर उंची वगैरे सांगणारा रेडिओ) आहे, आपलं विमान हवं तसं चढू शकतं, कुणीतरी खिडकीबाहेर बघतंय आणि हुकूम मिळाल्यावर तो काही सेकंदांत पाळला जाईल, एवढं सगळं ती धरून चालते. ड्रोनवर यातलं काहीच खात्रीचं नसतं. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं विमानांवरची टेहळणीची उपकरणं तपासण्यात आणि त्यांच्या प्रमाणपत्रांचे कागद रंगवण्यात गेली. तिथून जे दिसतं ते सांगतो.

टीकॅस समोरच्या विमानाला बघत नाही, विचारतं. १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो, समोरचा ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. उत्तराला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं, उंची उत्तरातच येते. टक्कर साधारण २० ते ४८ सेकंदांवर आली की ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा होतो. १५ ते ३५ सेकंदांवर आली की थेट हुकूम: चढा किंवा उतरा. वळा असं ते कधीच सांगत नाही, कारण त्याच्या अँटेनाला दिशेचा अंदाज येतो पण तो भरवशाचा नसतो.

ही यंत्रणा सक्तीची झाली ती अपघातांमागून. १९५६ मध्ये ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं धडकून १२८ माणसं गेली, तेव्हापासून अमेरिकेत या कल्पनेवर काम सुरू झालं. १९७८ मध्ये सॅन डिएगो आणि १९८६ मध्ये सेरिटोस इथे प्रवासी विमानांची छोट्या विमानांशी टक्कर झाली आणि मग कायदा आला. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ची चरखी दादरीची टक्कर: सौदी अरेबियाचं ७४७ आणि कझाकस्तानचं आयएल-७६, एकूण ३४९ बळी. कझाक विमान १५,००० फुटांवर थांबायचं ते आणखी खाली आलं, हे मूळ कारण. पण दिल्लीभोवतीच्या आकाशाचा मोठा भाग तेव्हा हवाई दलाकडे होता, त्यामुळे येणारी आणि जाणारी नागरी विमानं एकाच मार्गावरून समोरासमोर चालायची, आणि रडारवर उंची दिसत नव्हती, हे लोक विसरतात. लष्कर आणि नागरी उड्डाणं यांच्यातली हवेची वाटणी हा ड्रोन येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा प्रश्न आहे.

आता ड्रोनकडे येतो, आणि आधी चढण्याचं बोलतो, कारण त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. टीकॅसचा नेहमीचा हुकूम मिनिटाला १,५०० फूट वेगाने चढण्याचा किंवा उतरण्याचा असतो. प्रसंग चिघळला तर २,५००. जेट विमानाला हे सहज जमतं. पण अमेरिकेच्या मूळच्या प्रिडेटर ड्रोनला ११५ अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन होतं आणि आपल्या सैन्याकडच्या इस्रायली हेरॉन ड्रोनचं इंजिनही त्याच घराण्यातलं. लांब पंख, तासन्‌तास हवेत तरंगायचं, कमी इंधन प्यायचं, यासाठी घडवलेलं विमान ते. त्याला ‘चढ’ म्हटलं तरी ते टीकॅसने धरलेल्या वेगाच्या जवळपासही पोचत नाही. आणि समोरच्या विमानातलं टीकॅस मात्र हा चढतोय असं समजून आपल्या पायलटला खाली पाठवतं. न पाळता येणारा हुकूम हा हुकूम नसण्यापेक्षा वाईट.

म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी लिंकन प्रयोगशाळेत टीकॅसच्या पुढची पिढी तयार झाली, तिचं नाव ॲकास एक्स. तिची प्रवासी विमानांची आवृत्ती वेगळी आणि मोठ्या ड्रोनसाठीची एक्सयू वेगळी. एक्सयू वर-खाली तर सांगतेच, शिवाय डावी-उजवीकडे वळायलाही सांगते, आणि या विमानाला काय झेपतं ते धरून सांगते. आतली कल्पनाही बदलली. टीकॅसमध्ये माणसांनी लिहिलेल्या ‘असं असेल तर तसं कर’ अशा नियमांचं जंजाळ होतं. ॲकास एक्समध्ये दोन विमानांची जागा, वेग, वळण यांच्या असंख्य शक्यता संगणकाने आधीच पिंजून काढलेल्या असतात: टक्कर झाली तर एवढा दंड, उगाच इशारा दिला तर एवढा, मध्येच निर्णय फिरवला तर एवढा. त्यातून एक भलंमोठं कोष्टक तयार होतं आणि उडताना यंत्र फक्त त्यात बघतं. एक्सयूचं कोष्टक इतकं फुगलं की ते न्यूरल नेटवर्कमध्ये दाबून बसवता येईल का यावर संशोधन झालं. मग ते नेटवर्क भलतंच काही सांगणार नाही हे गणिताने सिद्ध कसं करायचं, यावर स्टॅनफर्डच्या मंडळींनी २०१७ मध्ये दाखवलेली पद्धत आज त्या क्षेत्रात पाठ्यपुस्तकी उदाहरण झाली आहे. एक्सयूचं मानक आरटीसीए या अमेरिकी संस्थेने २०२० च्या अखेरीस काढलं.

पण हे सगळं शेवटच्या अर्ध्या मिनिटाचं झालं. खरी डोकेफोड त्याच्या आधीच्या मिनिटाची आहे.

हवाई नियमांत पायलटने इतर विमानं बघून त्यांच्यापासून सुरक्षित अंतरावर राहायचं असतं. किती अंतर? नियमात आकडाच नाही. पायलटला कळतं, असं धरलेलं आहे. यंत्राला ‘कळतं’ म्हणून चालत नाही, आकडा द्यावा लागतो. अमेरिकेत यावर वर्षानुवर्षं खल झाला आणि मोठ्या ड्रोनसाठी ठरलं ते असं: आडवं अंतर ४,००० फूट, उभं ४५० फूट, आणि वेळेत मोजलं तर साधारण ३५ सेकंद. या तिन्ही मर्यादा एकाच वेळी ओलांडल्या गेल्या तर तुम्ही सुरक्षित अंतर गमावलं. उभ्या अंतराचा पहिला प्रस्ताव ७०० फुटांचा होता. तो खाली आणावा लागला, कारण डोळ्यांनी बघून उडणारी छोटी विमानं आणि उपकरणांवर उडणारी विमानं तिथे नेहमीच एकमेकांपासून ५०० फूट वर-खाली असतात. ७०० ठेवले असते तर नियम पाळून शांतपणे जाणाऱ्या विमानासाठीही ड्रोन उठसूट इशारे देत आणि बाजूला होत राहिलं असतं. एटीसीतल्या, म्हणजे जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षातल्या, माणसाला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो: रडारवर सगळं ठीक दिसतंय आणि एक विमान मध्येच वळतंय.

आता ट्रान्सपाँडर नसलेली विमानं. ग्लायडर, जुनी छोटी विमानं, पॅरामोटर, गरम हवेचे फुगे. टीकॅसच्या लेखी ती अस्तित्वातच नाहीत. कॉकपिटमध्ये माणूस असला तर तो निदान बघू शकतो, अर्थात माणसाचा डोळाही यात फार हुशार नाही. टकरीच्या मार्गावरचं विमान काचेवर एकाच जागी ठिपक्यासारखं स्थिर दिसतं आणि आपली नजर हलणारी वस्तू पटकन टिपते, स्थिर नाही. दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष बाजूला व्हायला साडेबारा सेकंद लागतात, असं अमेरिकी नियामकाचं जुनं मार्गदर्शन सांगतं. ड्रोनच्या कॅमेऱ्यावर हे काम सोपवलं तर ढगात तो आंधळा, आणि एका कॅमेऱ्याला अंतर नीट सांगता येत नाही. म्हणून नाकात रडार. जनरल ॲटोमिक्सने यासाठी बनवलेल्या रडारचं नावच ‘ड्यू रिगार्ड’ रडार, ते नाव कुठून आलं ते पुढे सांगतो. मानकाप्रमाणे अशा रडारने दोन्ही बाजूंना ११० अंश आणि वर-खाली १५ अंश बघायला हवं. ११० हा आकडा हवेतून काढलेला नाही. विमानाच्या पंखांच्या टोकावरचे लाल आणि हिरवे दिवे समोरून तेवढ्याच कोनात दिसतात. त्यामागच्या उरलेल्या ७० अंशांतून येणारा हा मागून ओलांडणारा समजला जातो, आणि ओलांडणाऱ्याने बाजूला व्हायचं असतं.

एक प्रसंग सेकंदांत मांडून दाखवतो. ड्रोन तळाकडे परततंय, उंची ५,५०० फूट, वेग १५० नॉट. समोरून ट्रान्सपाँडर बंद असलेलं चार आसनी सेसना, ११० नॉट. दोघं एकमेकांकडे सेकंदाला सुमारे १३४ मीटर वेगाने येतायत. रडारला सेसना ११ किलोमीटरवर सापडलं असं धरा, म्हणजे हातात ८२ सेकंद. सुरक्षित अंतराची ३५ सेकंदांची रेषा ४.७ किलोमीटरवर. म्हणजे प्रत्यक्षात वापरायला ४७ सेकंद. त्यातले पहिले काही सेकंद ही खरंच वस्तू आहे, जमिनीवरून परतलेला खोटा ठिपका नाही, याची खात्री करण्यात जातात. मग ड्रोनच्या पायलटसमोर, तो कदाचित हजारो किलोमीटरवरच्या एका खोलीत बसलेला, दिशांच्या कड्यावर पिवळा पट्टा उमटतो: या दिशांना गेलात तर अंतर जाईल. नासाने लिहिलेला डेडलस नावाचा प्रोग्रॅम हेच करतो, तो ‘इकडे वळ’ म्हणत नाही, कुठे जाऊ नये ते रंगवतो. पायलट एटीसीला विचारतो. त्याचा आवाज उपग्रहावरून ड्रोनपर्यंत जातो आणि ड्रोनच्या रेडिओवरून एटीसीला ऐकू येतो. उत्तर त्याच वाटेने परत. एटीसीच्या पडद्यावर सेसना नाहीच, मग तेही काही सांगू शकत नाहीत. पायलट उजवीकडे ३० अंश वळायचा आदेश देतो. लांब पंखांचं विमान सावकाश झुकतं, वळायला दहा ते वीस सेकंद घेतं. हिशेब जमतो, पण फार काही शिल्लक उरत नाही. समोर सेसनाऐवजी २५० नॉटने येणारं जेट असतं तर रडारला त्याच्या दीडपट अंतरावरून दिसायला हवं होतं. जेटकडे ट्रान्सपाँडर असतो म्हणून निभावतं.

या खोलीतल्या पायलटबद्दल आणखी. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटरवर. चित्र खाली यायला पाव सेकंद, हुकूम वर जायला पाव सेकंद, ही नुसती प्रकाशाच्या वेगाची वेळ. त्यात मधल्या संगणकांची भर पडून हा उशीर एका सेकंदाहून अधिक होतो. टीकॅस पहिल्या हुकुमाला पाच सेकंदांत प्रतिसाद धरतं, हुकूम उलटला तर अडीच सेकंदांत. उपग्रहावरून ते साधत नाही. म्हणून शेवटच्या टप्प्यात ड्रोनने स्वतःहून वळावं की पायलटची वाट बघावी, यावर वाद झाले. माझं मत सरळ आहे: सुरक्षित अंतर राखणं पायलटचं, टक्कर टाळणं यंत्राचं, आणि पायलटला ते रोखायचा हक्क असावा, पण त्याच्या परवानगीची वाट यंत्राने बघू नये. पायलट आणि ड्रोन यांच्यातली लिंक तुटली तर प्रश्नच नाही, तेव्हा यंत्रच आहे.

दोन यंत्रांचं एकमेकांशी जुळणं हाही भाग आहेच. दोन्हीकडे टीकॅस असेल तर ती आपसात बोलतात: मी वर, तू खाली. दोघांनी एकाच क्षणी एकच दिशा निवडली तर ज्याचा ट्रान्सपाँडरचा २४ बिटांचा पत्ता मोठा, तो आपला निर्णय फिरवतो. १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या युबरलिंगनवर यंत्रांनी हे बरोबर केलं होतं. रशियन विमानाला चढायला सांगितलं, मालवाहू ७५७ ला उतरायला. पण एटीसीच्या माणसाने रशियन विमानाला उतरायला सांगितलं, त्यांनी माणसाचं ऐकलं, आणि ७१ जण गेले. तेव्हापासून टीकॅसचा हुकूम एटीसीच्या वर, हे जगभर पक्कं झालं. ड्रोननेही हीच भाषा बोलायला हवी आणि त्याने जे कबूल केलं ते केलंच पाहिजे. समोरच्या दोनशे प्रवाशांच्या विमानाचा पायलट त्यावर विसंबून खाली जाणार आहे.

हे सगळं आधी न ठरवता विमान विकत घेतलं तर काय होतं त्याचा नमुना म्हणजे जर्मनीचं युरो हॉक. अमेरिकेच्या ग्लोबल हॉक या टेहळणी ड्रोनवर बेतलेलं, सुमारे ४० मीटर पंखांचं, साठ हजार फुटांपर्यंत जाणारं. २०११ मध्ये ते अमेरिकेहून उडून बव्हेरियातल्या मांचिंगला आलं. मे २०१३ मध्ये प्रकल्प गुंडाळला, तोवर ५० कोटी युरोंहून जास्त खर्च झाला होता. युरोपच्या नागरी आकाशात उडायचं प्रमाणपत्र मिळवायला आणखी तेवढेच लागले असते, आणि टक्कर टाळण्याची मान्य होईल अशी यंत्रणा त्यावर नव्हती. संरक्षणमंत्री थॉमस द मेझिएर यांना संसदीय चौकशीला तोंड द्यावं लागलं. त्याच सुमारास एक जुनी गोष्टही उजेडात आली: २००४ मध्ये काबूलवर जर्मनीचं ४० किलोचं लूना ड्रोन एरियाना कंपनीच्या एअरबसच्या अगदी जवळून, ५० मीटरच्या आत गेलं होतं, आणि विमानामागच्या हवेच्या भोवऱ्यात सापडून कोसळलं होतं. पुढे जर्मनीने ट्रायटन या ग्लोबल हॉकच्याच नौदलासाठीच्या भावंडाचा विचार केला, तोही २०२० मध्ये सोडला आणि त्याच कामासाठी माणसांनी चालवायची ग्लोबल ६००० ही बिझनेस जेट पसंत केली. ज्या अडचणीमुळे ड्रोन अडलं, ती पायलट बसवून सोडवली!

रणभूमीवर तर प्रत्यक्ष टक्करही झाली आहे. ऑगस्ट २०११ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकेचं सी-१३० मालवाहू विमान आणि शॅडो ड्रोन धडकले. सी-१३० पंख फाटलेल्या अवस्थेत सुखरूप उतरलं.

मायदेशात अमेरिकी लष्कराने दोन वाटा धरल्या. ग्रे ईगल ड्रोनसाठी तळाभोवती जमिनीवर रडारं उभारली आणि त्या टापूतल्या प्रत्येक विमानावर लक्ष ठेवलं. तळ ते राखीव क्षेत्र एवढा प्रवास यात भागतो, त्यापुढे नाही. दुसरी वाट रडार ड्रोनवरच नेण्याची. तीही सरळ गेली नाही, ट्रायटनवरच्या रडारचं काम अमेरिकी नौदलाने २०१३ मध्ये थांबवलं होतं. त्याआधी सरसकट पद्धत म्हणजे ड्रोनच्या मागे पायलट असलेलं छोटं विमान डोळे म्हणून पाठवायचं. नासाचं इखाना ड्रोन, म्हणजे अमेरिकी हवाई दलाच्या रीपरचंच भावंड, जून २०१८ मध्ये असं विमान सोबत न घेता सामान्य नागरी आकाशात उडालं तेव्हा त्याच्यावर रडार, टीकॅस आणि एडीएस-बी तिन्ही होतं. मला विचाराल तर त्या दिवशी ही गोष्ट प्रयोगशाळेतून बाहेर आली.

एडीएस-बीवरून एक कटू विषय निघतो. यात विमान आपली जागा दर सेकंदाला स्वतःहून, कुलूप न लावता जाहीर करतं. स्वस्तातल्या रिसीव्हरवर कुणालाही ती दिसते. लष्कराला हे आवडत नाही, आणि युद्धकाळात त्यांचं बरोबरही आहे. अमेरिकेने २०१९ मध्ये संवेदनशील मोहिमांसाठी ते बंद ठेवायची रीतसर सूट दिली. पण २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर उतरत्या प्रवासी विमानावर आदळून ६७ जण गेले, तेव्हा हेलिकॉप्टर एडीएस-बीवर काही पाठवत नव्हतं. प्रवासी विमानाच्या टीकॅसने ‘ट्रॅफिक’ एवढंच म्हटलं, कारण जमिनीपासून सुमारे हजार फुटांखाली हुकूम द्यायचं ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. हेलिकॉप्टरमध्ये माणसं होती. ड्रोन त्या जागी असतं तर बाहेर बघणारे डोळेही नसते. शांततेच्या काळात, नागरी विमानतळाजवळ, लष्करी ड्रोनने एडीएस-बी चालूच ठेवावं. यावर माझी कुठलीही तडजोड नाही.

आता भारत. १५ ऑक्टोबर २०२४ ला ३१ एमक्यू-९बीचा करार झाला: नौदलाला १५, भूदल आणि हवाई दलाला प्रत्येकी ८. नौदल २०२० पासून भाड्याची दोन सीगार्डियन, म्हणजे एमक्यू-९बीचीच समुद्री आवृत्ती, अरक्कोणमच्या आयएनएस राजाळीवरून उडवत होतं; त्यातलं एक सप्टेंबर २०२४ मध्ये बिघाड होऊन बंगालच्या उपसागरात उतरवावं लागलं. समुद्रावरच्या उड्डाणांना १९४४ च्या शिकागो कराराचं तिसरं कलम लागू होतं: लष्करी विमानांनी नागरी विमानांच्या सुरक्षेची ‘योग्य ती दखल’ घ्यायची. इंग्रजीत ‘ड्यू रिगार्ड’, त्या रडारचं नाव याच शब्दांवरून. ड्रोन नियम २०२१ मात्र सैन्यदलांच्या ड्रोनना लागू नाहीत, त्यामुळे त्यात शोधायला जाऊ नका. ब्रिटनच्या लष्करी नियामकाने २०२५ मध्ये याच जातीच्या प्रोटेक्टरला प्रमाणपत्र दिलं, ते विमान म्हणून धड आणि लोकवस्तीवरून उडायला योग्य आहे याचं. टक्कर टाळणं हा त्याहून वेगळा कागद असतो, बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते.

आपल्याकडे तूर्त वाटणी जागेची आणि वेळेची आहे. २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं की भारताच्या आकाशापैकी फक्त ६० टक्के नागरी विमानांना मोकळं मिळतं. गोव्याचं दाबोळी नौदलाचं, तिथे कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी विमानांना बंद. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, धावपट्टी त्यांची, प्रवासी आपण. हेरॉनसारख्या ड्रोनसाठी ही पद्धत बरी आहे आणि तशीच राहावी. त्यांना रडार लावायचा आग्रह म्हणजे पैशाचा चुराडा. एमक्यू-९बीची गोष्ट वेगळी, कारण ते तीस-चाळीस तास उडतं आणि चाळीस हजार फुटांवर, म्हणजे बहुतेक प्रवासी विमानांच्या मार्गांच्या वर जाऊ शकतं. अडचण येते ती वर जाताना आणि खाली येताना. किनाऱ्यावरच्या तळावरून ते लगेच समुद्रावर जाऊन चढू शकतं. देशाच्या आत असलेल्या तळावरून वर चढताना त्याला विमानांच्या रस्त्यांमधून जावंच लागणार, आणि त्यासाठी एक तर बंद बोगदा राखायचा, नाही तर रडार आणि एक्सयू असलेलं ड्रोन एटीसीने इतर विमानांसारखं हाताळायचं.

दुसरा मार्ग निवडला तर माझ्या मते खर्च ड्रोनवर कमी आणि जमिनीवर जास्त करावा लागेल. लिंक तुटलेलं ड्रोन अमेरिकेत ट्रान्सपाँडरवर ७४०० हा आकडा लावतं आणि आधी भरून ठेवलेल्या मार्गाने निघतं. पडद्यावर ७४०० दिसल्यावर हे विमान पुढच्या वळणावर कुठे जाणार, किती उंचीवर घिरट्या घालणार आणि किती वेळाने उतरायला येणार, हे संयुक्त विमानतळावरच्या नागरी आणि लष्करी, दोन्ही नियंत्रकांच्या टेबलावर उड्डाणाआधीच लिहून असायला हवं.